मस्टरवर नाव नाही म्हणून मतही नाही? कामगार आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि युनियनच्या मान्यतेची पडताळणी करायला कारखान्यांत येणारे सर्व अधिकारी

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या) आणि सरकी तेलाच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी उभी नोकरी गेली. मस्टर लिहायचं, पाळ्या लावायच्या, खाडे मांडायचे, महिनाअखेर पगारपत्रक काढायचं, एवढंच काम. त्यामुळे मजुरी किती असावी किंवा युनियनचा झेंडा कोणत्या रंगाचा असावा, यावर मी तुम्हाला काही सांगणार नाही. मस्टरवर नाव कसं चढतं आणि कसं उतरतं, हे मात्र मला पक्कं माहीत आहे. आता कोणती युनियन मालकाशी बोलणार हे ठरवायला मत कुणाला, हे सगळं त्यावरच येऊन ठेपलं आहे, म्हणून हे पत्र.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम १४ प्रमाणे एका कारखान्यात एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर हजेरीपटावरच्या, म्हणजे मस्टरवरच्या, कामगारांपैकी ५१ टक्के किंवा त्याहून जास्त जणांचा पाठिंबा जिला आहे, ती एकटी मालकाशी बोलणार. एवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर वाटाघाट परिषद बसणार. तिच्यात निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांना जागा, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. एकदा ठरलं की ३ वर्षं तेच. दोन्ही बाजू राजी असतील तर ५ वर्षांपर्यंत.

चर्चा होते ती ५१ टक्के जास्त की कमी, यावर. आपल्या राज्याच्या युनियन-मान्यतेच्या १९७१ च्या कायद्यात ३० टक्के सभासदांची अट आहे, तीही अर्जाच्या महिन्याआधी सलग ६ महिने सभासद असलेल्यांची. मालक आणि युनियनांनी आपखुशीनं मानलेल्या १९५८ च्या शिस्तसंहितेत १५ टक्के चालायचे, आणि मागच्या ६ महिन्यांपैकी ३ महिन्यांची वर्गणी भरली असली की माणूस सभासद धरला जायचा. आकडे बदलत राहतील. माझा प्रश्न वेगळा आहे. टक्के काढायचे ते कशाचे? कायदा म्हणतो, हजेरीपटाचे. आणि आमच्याकडच्या कारखान्यात हजेरीपट एक नसतोच.

डिसेंबरातली कोणतीही सकाळ घ्या. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, भोंगा झालेला, पहिली पाळी गेटातून आत जाते आहे. सगळ्यात आधी परमनंट: फिटर, ऑइलमन, बॉयलर अटेंडंट, इलेक्ट्रिशियन, वजनकाट्यावरचा बाबू. यांची नावं कंपनीच्या मुख्य मस्टरवर. त्यांच्या मागून टेम्पररी येतात. यांचं मस्टर कंपनीचंच, पण वेगळं. यातल्या कुणाचे वर्षात २४० दिवस भरत आले की त्याला ब्रेक मिळतो, कारण २४० दिवस सलग भरले तर आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे (नोकरीच्या अटींचे नमुना नियम) तो कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. मग जिनिंगच्या डबल रोलर मशीनवरचे हंगामी गडी आणि कचरा-कवडी निवडणाऱ्या बाया. त्यांच्यासाठी दरवर्षी दिवाळीच्या आसपास कोरं रजिस्टर उघडायचं आणि मार्च-एप्रिलात कापूस संपला की मिटवायचं. गेल्या वर्षीची बाई या वर्षी आली तरी तिचं नाव नव्यानंच लिहायचं, जणू ती कारखाना पहिल्यांदाच पाहते आहे.

अजून गेट बंद झालेलं नाही. एक्स्पेलरला (सरकीतून तेल काढणाऱ्या यंत्राला) सरकी टाकणारे, ढेपेची पोती भरणारे, बॉयलरची राख काढणारे हे ठेकेदाराचे. ठेकेदार दोन-तीन, प्रत्येकाचं मस्टर निराळं. मशीन तेच, माणूस तोच, पण मागच्या साली तो एका ठेकेदाराचा होता आणि यंदा दुसऱ्याचा आहे. रुईच्या गाठी ट्रकात चढवायला माथाडी मंडळाची टोळी. आयटीआयची अप्रेंटिस पोरं. शिवाय 'ट्रेनी' म्हणून घेतलेली पोरं, ज्यांचं ट्रेनिंग तीन-तीन वर्षं सरत नाही. शेवटी सिक्युरिटीवाले.

रुईची धूळ या सगळ्यांच्या नाकात सारखीच जाते. मुख्य मस्टर उघडून पाहाल तर त्यात यातला थोडाच भाग सापडेल. ढेपेच्या गोदामातला एक गडी मला नेहमी विचारायचा, ‘‘बाबूजी, आमचा मालक कोन हाये मंग?’’ तो थट्टेनं विचारायचा. पडताळणी अधिकाऱ्याला मात्र हाच प्रश्न गंभीरपणे सोडवावा लागणार आहे.

कंपनीचं उत्तर तयार असतं: ठेकेदाराची माणसं आमची नव्हेत, त्यांची नोंद आमच्याकडे नाही. यातला दुसरा भाग खोटा आहे, हे मी टाइम ऑफिसच्या अनुभवानं सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगाराची व्याख्या करतानाच ‘थेट किंवा ठेकेदारासारख्या एजन्सीमार्फत’ कामाला लावलेला माणूस धरला होता, आणि प्रौढ कामगारांचं रजिस्टर ठेवणं मॅनेजरवर बंधनकारक होतं. त्या रजिस्टरात ठेकेदाराची माणसं यायला हवीत आणि इन्स्पेक्टर आला की ती यायचीच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदार पगार वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे आणि त्यानं वाटपाची खात्री करून सही केली पाहिजे, अशी तरतूद होती. ती सही करायला माणूस कुठून जायचा? आमच्याच ऑफिसातून. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी आधी मूळ मालकानं भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. पीएफच्या दरमहा चलनाबरोबर नावानिशी यादी जाते. शिवाय आता गेटवर अंगठ्याचं मशीन आहे. ते परमनंट आणि ठेक्याचा असा भेद करत नाही, दोघांचीही वेळ मिनिटानिशी टिपतं.

म्हणजे माणूस यंत्रात सापडला तर तो कामगार. त्याचा पीएफ थकला तर तो कामगार. मत द्यायची वेळ आली की तो कंपनीला ओळखूच येत नाही.

कायद्याची अडचण मला दिसत नाही असं नाही. सिप्ला आणि कल्याणी स्टील या दोन्ही प्रकरणांत २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, १९७१ च्या राज्य कायद्याखाली तक्रार करायची तर मालक-कामगार नातं निर्विवाद किंवा आधी कुठे तरी सिद्ध झालेलं हवं. ठेकेदाराच्या कामगारांनी आम्ही मूळ कंपनीचेच असं म्हणणं पुरेसं नाही. आधी त्याचा निवाडा दुसऱ्या कोर्टातून आणा. त्याच वर्षी पोलाद प्राधिकरणाच्या (‘सेल’ या सरकारी कंपनीच्या) निकालात न्यायालयानं सांगितलं की, एखाद्या कामातली ठेकापद्धत सरकारनं बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. तेव्हा तुमच्या एका सहीनं ठेकेदाराचा गडी कंपनीच्या मस्टरवर चढणार नाही, हे मान्य.

पण नव्या कायद्यात दुसरी एक गोष्ट आहे. औद्योगिक संबंध संहितेबरोबरच लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं कारखान्याच्या मुख्य कामात ठेक्याचे कामगार लावायला बंदी घातली आहे. अपवाद आहेत: साफसफाई, पहारा, उपाहारगृह, माल चढवणं-उतरवणं, बागकाम वगैरे कामं मुख्य धरली जात नाहीत, एकदम काम वाढलं आणि ते ठरल्या वेळेत उरकायचं असेल तर तेवढ्यापुरती सूट आहे. आता तेलाच्या कारखान्यात एक्स्पेलर चालवणं हे मुख्य काम नाही, असं कोण म्हणेल? तिथे वर्षानुवर्षं ठेक्याचा माणूस उभा असेल तर चूक कुणाची आणि मत कुणाचं कापायचं? कायदा मोडून ज्याला मुख्य मस्टरबाहेर ठेवलं, त्याला ‘मुख्य मस्टरबाहेर आहेस’ म्हणून यादीतून वगळणं म्हणजे मोडणाऱ्यालाच बक्षीस देणं. पडताळणीला आलेल्या अधिकाऱ्यानं ठेक्याचं लायसन्स आणि कामाचं वर्णन मागवावं, खात्यात जाऊन प्रत्यक्ष पाहावं आणि माणूस मुख्य कामावर दिसला तर त्याचं नाव निदान ‘वादग्रस्त’ म्हणून यादीत घ्यावं. त्या वादग्रस्त नावांचं करायचं काय, याकडे मी पुढे येतो.

त्याआधी उलट बाजू. मस्टर माणसं बाहेर ठेवतं तसंच नसलेली माणसं आतही ठेवतं, आणि ५१ टक्क्यांच्या हिशेबात हे तितकंच घातक आहे. हे ५१ टक्के पडलेल्या मतांचे नाहीत. ते हजेरीपटावरच्या एकूण नावांचे आहेत. जो आला नाही तो विरोधातच मोजला जातो. समजा मस्टरवर १८० नावं आहेत; ९२ जणांचा पाठिंबा लागेल. पण त्यातली ४० नावं नोकरी सोडून गेलेल्यांची, कधीच कामावर न येणाऱ्यांची, दुसऱ्या युनिटला बदली होऊनही इथे न कापलेल्यांची असतील, तर खऱ्या १४० माणसांतून ९२ आणायचे आहेत. म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश. राजीनामा दिलेला माणूस मस्टरवरून काढायला आळस करणं सोपं असतं, आणि तो आळस नेमका कुणाच्या सोयीचा, हे सांगायला नको. आणखी एक वाट आहे. निवडणुकीची कुणकुण लागली की ऑफिसातली चार-दोन नातेवाईक मंडळी मस्टरवर दिसायला लागतात. मी अधिकारी असतो तर मागच्या ३ महिन्यांच्या पगारपत्रकाशी आणि गेटवरच्या नोंदीशी पडताळल्याशिवाय एकही नाव यादीत धरलं नसतं.

आता हंगामी कामगारांचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्या भागात हाच खरा प्रश्न आहे. वणी, पांढरकवडा, हिंगणघाट, अकोट, कुठेही जा, जिनिंग ४-६ महिन्यांचं. राज्य विमा कायद्यानं तर हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन घातलं आणि असे कारखाने त्या योजनेतून वगळले. काम बंद असताना हे लोक वावरात असतात, रोजगार हमीच्या कामावर असतात, कुणी सुरतेकडे गेलेलं असतं. म्हणून मोजणीचा दिवस कोणता, यावर सगळं ठरतं. जुलैत मोजलं तर कारखान्यात परमनंट, चौकीदार आणि मॅनेजर. जानेवारीत मोजलं तर त्याच्या कितीतरी पट माणसं. एकाच कारखान्याला एकाच वर्षात दोन वेगवेगळे बहुमतवाले मिळू शकतात, फक्त तारीख हलवून. आणि अर्ज कधी पुढे न्यायचा, पडताळणी कधी लावायची, हे बायांच्या हातात नसतं.

अमेरिकेत हा वाद १९३५ च्या कायद्यापासून चालू आहे आणि त्यांच्या श्रम संबंध मंडळानं त्यावर बराच काथ्याकूट केला आहे. तिथली रीत साधारण अशी: निवडणुकीचा आदेश निघण्याआधीच्या शेवटच्या पगारपत्रकात ज्यांचं नाव आहे आणि मतदानाच्या दिवशीही जे नोकरीत आहेत, ते मतदार. पण हंगामी कामगाराच्या बाबतीत विचारतात की, पुढच्या हंगामात याला परत बोलावलं जाण्याची वाजवी शक्यता आहे का? कारखाना दरवर्षी त्याच गावांतून माणसं घेतो का? जुन्यांना आधी विचारतो का? मागचे किती परत आले? उत्तर ‘हो’ असेल तर हंगामीलाही मत. कधीमधी बोलावल्या जाणाऱ्या माणसांसाठी १९७० च्या एका निर्णयानं साधा हिशेब घालून दिला: मागच्या तिमाहीत आठवड्याला सरासरी ४ तास काम केलं असेल तर तो मतदार. अमेरिकेत सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. तिथला हा कायदा शेतमजुरांना लागूच होत नाही, म्हणजे आमच्या बाया जानेवारीत जिनमध्ये मतदार आणि जूनमध्ये वावरात कुणीच नाहीत, असं झालं असतं. पण ‘परत येणार का?’ हा प्रश्न योग्य आहे आणि आमच्याकडे त्याचं उत्तर कागदावर आहे. मागच्या तीन हंगामांची रजिस्टरं शेजारी-शेजारी ठेवा. तीच नावं, तीच गावं दिसतील. फार तर सुनेनं सासूची जागा घेतलेली असेल. माझी सूचना: ज्यानं किंवा जिनं मागचा हंगाम किंवा चालू हंगाम केला आहे, ते मतदार, आणि हंगामी कारखान्यात मतदान डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतच व्हावं.

कुणाला मत नसावं, हेही सांगतो, नाहीतर हे सगळ्यांनाच हार घालणारं पत्र होईल. बॉयलर किंवा प्रेसच्या वार्षिक दुरुस्तीला बाहेरगावाहून टोळी येते, पंधरवड्यात काम उरकून जाते. त्यांना मत नको. त्यांचं भांडण त्यांच्या मालकाशी, आमच्या कारखान्याशी त्यांचा संबंध पाहुण्याइतका. माथाडीच्या टोळीलाही नको. १९६९ च्या कायद्यानं त्यांना स्वतःचं मंडळ दिलं आहे, त्यांचे दर तिथे ठरतात, त्यांनी दोन ठिकाणी बोलणी करण्यात अर्थ नाही. माझ्या माथाडी मित्रांना हे आवडणार नाही, पण माझं मत हेच आहे.

अप्रेंटिस पोरांना संहितेनंच बाहेर ठेवलं आहे. १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार कामगारांच्या व्याख्येत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात तो होता. ठीक आहे. पण शिकाऊ म्हणजे ज्याचा करार नोंदवलेला आहे तो. कंपनीनं लेटरहेडवर ‘ट्रेनी’ लिहून दिलं म्हणून कुणी शिकाऊ होत नाही. रात्रपाळीत एकटा मशीन सांभाळतो, त्याला शिकवणारा तिथे कुणी नाही, मग तो शिकतोय काय? करार दाखवा, नाहीतर नाव यादीत घ्या.

सुपरवायझरचा खेळ तर जुनाच. संहितेत सुपरवायझरी काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त मजुरी घेणारा कामगार धरला जात नाही. आजच्या काळात १८,००० म्हणजे काय, हे बाजारात जाऊन पाहावं. अनुभवी फिटर त्यापुढे गेलेला असतो. युनियनमध्ये पुढे पुढे करणाऱ्या माणसाला ऐन वेळी ‘असिस्टंट सुपरवायझर’चं पत्र मिळतं, हातात पाना तोच. कोर्टांनी अनेकदा सांगितलं आहे की पदनाम पाहू नका, मुख्यतः काय काम करतो ते पाहा. त्याच्या हाताखाली कोण आहे? रजा कोण मंजूर करतं? एवढे दोन प्रश्न विचारले तरी अर्धे सुपरवायझर पुन्हा फिटर होतील.

आता थोडं परमनंट मित्रांना, कारण तेही हे वाचतील.

तुमची भीती मला ठाऊक आहे. तुम्ही साठ, ते तीनशे. सगळ्यांना मत मिळालं तर तुम्ही २० टक्क्यांच्याही खाली जाल आणि तुमच्या ग्रेडचं, भत्त्याचं बोलायला परिषदेत कुणी उरणार नाही. ही भीती खोटी नाही. पण तिचा उपाय परिषदेत कुशल कामगारांसाठी जागा मागणं हा आहे. ती मागणी जरूर करा, मी पाठिंबा देईन. दुसऱ्याचं नाव यादीतून कापणं हा उपाय नव्हे. गेल्या वीस वर्षांत तुमच्यातला एक निवृत्त झाला की त्या जागी कोण आलं, ते आठवा. परमनंट आला का? तुमची यादी दरवर्षी आखूड होते आहे आणि तुम्ही तिच्याच ५१ टक्क्यांवर खूश आहात. संपाचंही तेच. संहितेप्रमाणे संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. तुम्ही ती द्याल, पंधराव्या दिवशी गेटवर बसाल आणि भोंगा वाजेल. एक्स्पेलर चालूच राहील, कारण तो चालवणाऱ्याला तुम्हीच ‘हा आमच्यातला नाही’ म्हणाला होतात.

महोदय, पुन्हा तुमच्याकडे वळतो.

मतदान गुप्त हवं, यावर फार लिहीत नाही. सभासदांच्या पावत्या मोजून खरा प्रतिनिधी ठरत नाही, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवून दिलं आहे. १९८२ च्या संपात लाखो कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या दप्तरात प्रतिनिधी युनियन दुसरीच राहिली. १९९५ मध्ये अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गुप्त मतदान कसं घ्यायचं याची पद्धत घालून दिली. रेल्वेनं डिसेंबर २०२४ मध्ये देशभर असं मतदान घेतलं. जमतं ते. मात्र आमच्याकडे गुप्त म्हणजे कुठे गुप्त, हे पाहावं लागतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पेटी ठेवली, वर कॅमेरा, दाराशी मुकादम, तर पडदा लावून उपयोग नाही. मुकादम त्याच गावचा असतो, त्याचीच उचल घरात आलेली असते. पेटी जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. तिन्ही पाळ्यांना वेळ द्या. मतदानाच्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही असं लिहून घ्या, कारण रोजंदारीची बाई मतासाठी दिवस बुडवणार नाही, आणि तिनं का बुडवावा?

मुख्य गोष्ट यादीची. यादी मतदानाआधी निदान १५ दिवस गेटवर, ठेकेदाराच्या ऑफिसवर आणि ज्या गावांतून माणसं येतात तिथल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. मराठीत, नाव, गाव आणि खात्यासह. प्रत्येक युनियनला तिची प्रत मिळाली पाहिजे. अमेरिकेत १९६६ पासून मालकाला मतदारांची नावं-पत्ते द्यावे लागतात. आपल्याकडे पत्ते उघड करण्यात धोका आहे, म्हणून मी फक्त नाव आणि गाव म्हणतो. हरकत तोंडीही घेता आली पाहिजे, कारण अर्ज लिहून घ्यायला तहसीलसमोर जावं लागलं की अर्ध्या हरकती तिथेच संपतात.

आणि ज्यांच्याबद्दल वाद मिटणार नाही, त्यांना मत देऊ द्यावं. मत वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नाव, आत कोरं पाकीट, त्यात मतपत्रिका. निर्विवाद मतं आधी मोजा. निकाल वादग्रस्त मतांवर अवलंबून नसेल तर ती पाकिटं उघडायचीच नाहीत. असेल तर एकेका नावाचा निवाडा करा आणि मगच उघडा. अमेरिकेत हेच करतात, आणि आपल्याला ते परकंही नाही. विधानसभेच्या मतदानात आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर प्रदत्त मत घेतात आणि ते वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. याचा फायदा असा की हजेरीपटाचा वाद कोर्टात जाऊन निवडणूकच वर्षानुवर्षं लटकत नाही. कारखान्यात युनियन नको असलेल्या मालकाला निकाल हरण्यापेक्षा निकाल लागूच न देणं जास्त परवडतं.

बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये युनियनला सक्तीची मान्यता देणारं विधेयक मांडलं होतं. त्याच विषयावर १९४७ मध्ये ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्तीही झाली, आणि ती कधी अंमलातच आणली गेली नाही. त्या दुरुस्तीनंतर २०२० पर्यंत मान्यतेचा हक्क देणारा देशपातळीवरचा कायदा नव्हता. महाराष्ट्रानं १९७१ मध्ये स्वतःपुरता केला, तोही ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी. आता तो हक्क देशभर आला आहे, तर तो गेटमधून आत येणाऱ्या किती जणांपर्यंत पोहोचतो, हे पडताळणीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या दोन दिवसांच्या कामावर ठरेल. तो मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून, चहा घेऊन, एका मस्टरची झेरॉक्स घेऊन गेला, तर उत्तर आधीच लिहिलेलं आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच की, येत्या हंगामाची रजिस्टरं दिवाळीला उघडण्याआधी आपल्या कार्यालयातून एक परिपत्रक निघावं. पडताळणी अधिकाऱ्यानं कंपनीचं मस्टर, प्रत्येक ठेकेदाराचं मस्टर, हंगामी रजिस्टर, पीएफची यादी आणि गेटवरची नोंद अशी पाच कागदपत्रं समोरासमोर ठेवूनच मतदारयादी करावी; पाचांपैकी एकातही नाव असेल आणि वगळायचं असेल तर कारण त्या नावापुढे लिहावं. टाइम ऑफिसात हे काम दोन बाबू एका आठवड्यात करतात. कुणाला शिकवायचं असेल तर मला बोलवा, मी येईन. जाण्या-येण्याच्या एसटीच्या तिकिटाशिवाय काही घेणार नाही.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
मु. पो. वणी तालुका, जि. यवतमाळ